गोधडीवरची दोन नावं

४ नोव्हेंबर
दिल्लीहून नातीचा फोन. मयुरीनं एकेकाची तब्येत विचारली — माझे गुडघे, तिच्या बापाची साखर, शेळीचा सुजलेला खूर, शेवटी माझा चष्मा. मग मुद्द्यावर आली. ती काम करते त्या राष्ट्रीय संग्रहालयात गावोगावच्या बायांचा मेळा आहे. घरी हातानं केलेली वस्तू घेऊन यायची.
"आजी, गोधडी घेऊन ये."
"मयुरे, तिथं राजांच्या तलवारी ठेवतात. माह्या गोधडीत ढेकूण निघला तं?"
"ऊन दाखव तिले. अन् ये."

५ नोव्हेंबर
गोधडी उन्हात टाकली. अर्धी माझी, अर्धी अंबूबाईची. तेव्हा ती शेजारी, भाजीच्या मळ्यात राहायची. बेचाळीस वर्षांपूर्वी इथंच देऊळघाटात, आमच्या ओट्यावर शिवली. समोरासमोर बसायचं, आपापल्या काठापासून शिवत मध्यात यायचं. अंबू डावखुरी, तिचा टाका उलटा कलतो. गोधडी उपाशी ठेवायची नाही म्हणून पोटात भाकरीचा तुकडा घालतात. आम्ही दोन घातले. एक तिच्या चुलीवरचा, एक माझ्या.
आणि तिच्या लेकीच्या, संजीवनीच्या लग्नात सगळ्या गावाला पंगतीचं बोलावणं, आमच्या बौद्धवाड्यात एका दाराला नाही. मलाही नाही. चौदा वर्षं झाली. त्यानंतर बोलणं नाही.

८ नोव्हेंबर
मयुरी विचारते, पाटीवर शिवणारीचं नाव काय टाकू? म्हटलं, तानाबाई. एवढंच.

१३ नोव्हेंबर, मलकापूर स्टेशन
एसटी मोताळ्यावरून आली. अंबू आता तिथंच लेकीकडे असते. मी खिडकीतून पाहिलं नाही.
पाहिलं थोडं.

१५ नोव्हेंबर, दिल्ली
केवढं ते संग्रहालय! पाय दुखले, डोळे नाही. हजारो वर्षांपूर्वीची एक काशाची पोरगी पाहिली. उंची वीतभरही नाही, पण हातभर बांगड्या आणि कमरेवर हात. मयुरीला म्हटलं, "हे तं तुह्यावानी उभी हाय." ती म्हणे, "आजी, हळू बोल."
मग तथागतांच्या अस्थी. हात आपोआप जोडले. त्रिसरण, पंचशील म्हटलं. पहारेकरी आधी पाहत राहिला, मग त्यानं माझ्यासाठी स्टूल आणलं.

१६ नोव्हेंबर
मेळा. कुणी नागालँडची शाल आणलेली, कुणी कच्छचं भरतकाम. भाषा कळेना, पण सगळ्या एकमेकींचं कापड उलटून मागची बाजू बघत होत्या. बाया कुठल्याही असोत, आधी उलटी बाजूच बघतात.
माझ्या गोधडीखाली पाटी — तानाबाई, देऊळघाट. माझं नाव छापील! लेकाच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकले मी.
तिथल्या कापड विभागाच्या वंदना मॅडम नागपूरकडच्या. भिंग लावून बघत होत्या. म्हणाल्या, "आजी, इथून टाका उलटा कलतो. हा दुसरा हात आहे का?"
मी म्हटलं, "हात दुखे, म्हणून डाव्या हातानं शिवलं."
त्यांनी लिहून घेतलं.

१७ नोव्हेंबर
सकाळपासून चहाला चव नाही. परवा पंचशील म्हटलं, त्यात खोटं बोलणार नाही हेही होतं. पंगतीला तिनं मला वगळलं. पाटीवरून मी तिला वगळलं. मग फरक काय राहिला?
मॅडमकडे गेले. म्हटलं, "काल खोटं बोलली. अर्धी गोधडी अंबूबाईची हाय." त्या रागावल्या नाहीत. विचारलं, "त्या सोबत का नाही आल्या?" मी म्हटलं, "गुडघे." तेवढं खोटं राहू दिलं.
नवी पाटी लागली — तानाबाई आणि अंबूबाई. मयुरीनं फोटो काढला.

२२ नोव्हेंबर
घरी आले. शेळीचा खूर बरा. फोटो मोताळ्याच्या पत्त्यावर टपालानं टाकला. सोबत कागदावर एकच ओळ — तुझे टाके दिल्लीनं ओळखले. राग लिहिला नाही, माफीही नाही.

४ डिसेंबर
उत्तर आलं. अक्षर संजीवनीचं, बोल अंबूचे —
"त्या पंगतीत मी बी जेवली नोती. घरच्याइपुढे तोंड नाही उघडलं, ते माह्यंच चुकलं. आता सुई दिसत नाही. तू दोरा ओवून देशीन तं आणखी एक शिवू. भाकर तुह्याच चुलीवरची खाईन. कधी येऊ, लवकर लिही."