उपास म्हणे

रविवार, संध्याकाळ

रुचिकानं पसंत केलेल्या मुलाची आई आज पहिल्यांदा भेटली. सकाळीच तिचा फोन आला, "घरी नको बाई, तुमच्या चौकातल्या कॅफेतच नाश्ता करू." मी कोथिंबीर भरून सांबारवड्या तळून ठेवल्या होत्या, त्या डब्यात घालून रुचिकासोबत तिथं नेल्या. डबा पुढं केला तर म्हणते, "मले आज उपास हाय." हातात अर्धं खाल्लेलं चीज सँडविच. बौद्धाच्या घरचं चालत नाही, एवढं सरळ सांगायचं की. आणि मी झाकण लावून डबा मागं का घेतला? उपास म्हणे.

परतताना रुचिकाला बजावलं, "पुढच्या रविवारी त्यांनी आपल्याकडं जेवायचं. नाहीतर हे लग्न नाही."

ती हळूच म्हणाली, "आई, आमचं जमून तीन वर्षं झाले, मले तरी त्याच्या घरी कुठी बोलावलं?"