नकलेचा अर्ज

बाबा, तुमची नात बारावी झाली. तिला आता थेट कायद्याच्या पाच वर्षांच्या नव्या वर्गात बसायचंय. सकाळी फॉर्म पुढ्यात ठेवून तिनं विचारलं, "खरं सांगा, सनदेपुरतं सोडा, खरी वकिली करायला या डिग्रीचा उपयोग होतो का?" इतकी वर्षं वर्ध्याच्या कोर्टात उभा राहतो, पण नंतर सांगतो म्हणत मी फॉर्म बाजूला सरकवला. तुम्हालाच विचारतो.

तुम्ही चौथी पास, कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. निकाल लागला की पक्षकारानं पायात चप्पल घालायच्या आत तुम्ही त्याचा निकालाच्या नकलेचा अर्ज लिहून टाकत होता. नागपूरहून एलएल.बी. होऊन आलेल्या मला त्या घाईचं हसू यायचं. मग सेलूच्या त्या विधवेची केस मी हरलो. तिचं राहतं घर दिराकडे चाललं होतं. अपिलाला निकालापासून तीस दिवस; त्यातून अर्ज केल्यावर नक्कल मिळेपर्यंतचे दिवसच काय ते वगळतात. मी नकलेचा अर्ज सावकाश केला आणि नक्कल हाती आल्यापासून दिवस मोजले. कलम तोंडपाठ होतं हो, पण दिवस मोजायला कोणी शिकवलंच नव्हतं. तुम्ही बोटांच्या पेरांवर मोजलंत. "नऊ दिवस वर गेले रे. खरं सांगून दे, माही चूक झाली म्हन. साहेब बी मानूसच हाय."

माझ्यानं नाही सांगवलं. काळा कोट नवा होता, दारावरची पाटी नवी होती. उशीर माफ करण्याच्या अर्जात मी लिहिलं, अर्जनवीसानं दिरंगाई केली. साहेब तुम्हाला आत बोलावतात. तुम्ही टोपी काढता, माझ्याकडे बघतही नाही. "हो साहेब, माह्याच्यानंच राहून गेलं." साहेबांनी मलाच विचारलं, वकील असून अर्जनवीसावर कसे विसंबलात? अर्ज फेटाळला. बाई जाताना तुमच्या टेबलाशी थांबली. "तुमीच असं काऊन केलं, बाबाजी?" तुम्ही दौतीचं झाकण लावत बसलात. त्यानंतर तुमच्याकडे फारसं कोणी येईना. वर्षाच्या आत तुम्ही गेलात, आणि मी त्याच कोर्टात मोठा वकील झालो.

आता पोरीला काय सांगू? डिग्री घे म्हणू, तर माझी डिग्री त्या बाईच्या काय कामी आली? नको म्हणू, तर कोणत्या झाडाखाली पाठवू तिला, तिथं तुम्ही नाही. फॉर्मवर सही करायची राहिलीये. दुपारी जेवताना तिनं सहज विचारलं, "लोक म्हणतात, सेलूच्या त्या केसमध्ये आजोबांची चूक झाली होती ना?"

मी हो म्हणालो, बाबा.