वॉर्डात पेट्रोलचा बोळा

दापोडी, गॅरेजातून

आदरणीय नूरबी आपा,

सलाम. तुझे गुडघे, तुझ्या शेळ्या आणि आमचे दूल्हाभाई (याच क्रमाने, त्यांना सांगू नकोस) खुशाल असोत ही दुआ. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर आपण दोघं बोलतच नाही, तू तिकडे परंड्यात नाक ओढतेस, मी इकडे ओढतो, आणि रिचार्ज संपतो. म्हणून म्हटलं लिहावं. मराठी शाळेत मास्तरांनी छड्या मारून शिकवलंय, ते कधी कामाला येणार?

तुझी भाची महेक ठीक आहे. केमो लागू पडतेय असं डॉक्टर म्हणतात. केस गेले, तोरा तेवढाच आहे. पण जेवत नाही गं, आणि हसायचं तर विसरलीच होती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आपल्या घरात सगळ्यात जास्त बडबड करणारी पोर ती! तिची आई रुक्साना एकटीच बोलत बसायची आणि मी वॉर्डाच्या खिडकीतून लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकून कुणाचं काय बिघडलंय ते ओळखत बसायचो.

इथं हॉस्पिटलात सुखदाताई म्हणून एक बाई आहेत. त्या मुलांकडून चित्रं काढून घेतात, गाणी म्हणतात, पाय चोळतात, वास देतात. मला आधी वाटलं, झालं, आता गंडे-ताईतही निघणार. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नाही. मला पटलं. इंजिनाचं काम त्यांचं, सुखदाताई सीट नीट करून देतात. पाय चोळायला त्यांनी आम्हा आईबापांनाच शिकवलं. नुसता हात ठेवा, दाबू नका म्हणाल्या. आता मला नुसता हात ठेवायची सवय कुठली? महेक ओरडली, अब्बू, नट आवळताय का!

मग वासाची पाळी आली. त्यांनी कापसावर कसलंसं फुलांचं तेल दिलं, तर महेक म्हणाली, रिक्षातल्या फ्रेशनरसारखं आहे, उलटी होईल. मग त्यांनी विचारलं, बाळा, तुला घरचा कुठला वास आवडतो? पोरगी म्हणते, अब्बूच्या गॅरेजचा.

आपा, माझी छाती अशी फुगली की विचारू नकोस! दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये बुडवला, वर थोडं ग्रीस फासलं, स्टीलच्या डब्यात बंद केला आणि निघालो हॉस्पिटलला. (रुक्सानाला विचारलं नाही. विचारलं असतं तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.) गेटवर वॉचमन जयसिंग, ज्याची स्कूटर मीच चालू ठेवलीय, म्हणाला, रहिमानभाई, डब्यात काय? मी म्हटलं, औषध. त्याने झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे उडाला. ओरडला, वर ऑक्सिजन चालू असतो राव, आणि हा शहाणा पेट्रोल घेऊन निघालाय! मोठ्या सिस्टरबाई आल्या. त्यांनी माझी अशी खरडपट्टी काढली की अम्मीची आठवण झाली. बोळा बाहेर, डबा बाहेर, मीही बराच वेळ बाहेर.

हे सगळं सुखदाताईंनी महेकला सांगितलं, आणि पोरगी हसली. पोट धरून हसली, मग वरण-भात मागितला, आणि चार घास खाल्ले. मी दाराच्या काचेतून बघत होतो. सुखदाताई बाहेर येऊन म्हणाल्या, उपचार लागू पडला, पण पुन्हा करू नका.

तेव्हा इकडची काळजी सोड. तू यायची गरज नाही, तुझे गुडघे तरी कुठे ऐकतात! फक्त एक कर. महेकला तुझ्या ओढणीच्या वासाची फार आठवण येते. एक जुनी ओढणी पाठवून दे. स्वच्छ धुऊन पाठव, इथं जंतू चालत नाहीत.

तुझा भाऊ,
रहिमान

ता. क. धुतली तर लसूण, चुलीचा धूर आणि ती तुझी चोरून लावायची मिश्री, सगळंच जाईल. मग उरलं काय? धुऊ नकोस. मी ती वॉर्डात नेणार नाही, गॅरेजातच ठेवीन.

आणखी एक. महेकने ओढणी मागितलीच नाही. महेकला घरचा वास विचारला त्या दिवशी सुखदाताईंनी आम्हा आईबापांनाही डोळे मिटून एक वास आठवायला सांगितला होता. अम्मी गेल्यावर मी तुझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायचो, तोच आठवला, आणि सगळ्यांसमोर बोलता येईना. ओढणी पोस्टाने नको, आपा. अंगावर घेऊन ये. रुक्साना माझ्या तोंडाकडे बघून धीर धरते. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?