अकरा दिवसांचा काढा

१४ एप्रिल २०२५, सोमवार

चाळीसगावहून सारिकाचा फोन. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली, आई गेल्यानंतरची तिची पहिली घागर भरायची आहे. "मामाला तुम्ही स्वतः बोलवा, नाना. मी नाही बोलवणार." मुलगी माझी, पण बोलणं आईचं!

मामा म्हणजे पितांबर, हिचा सख्खा धाकटा भाऊ. साक्रीकडे शेती. हिला स्मशानात नेताना तो सगळ्यांच्या मागे चालत होता. मी वळून पाहिलं नाही. अडीच महिने होत आले.

१५ एप्रिल

फोन हातात घेतला. ठेवला.

१७ एप्रिल

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

डिसेंबरात तिसऱ्या केमोनंतर हिला अन्न डोळ्यांसमोर नको झालं. वरणाचं पाणीसुद्धा नाही. पितांबर एक बाटली घेऊन आला — विहिरीजवळ त्याचा काळ्या द्राक्षांचा वेल आहे, त्याची वाईन तो दरवर्षी घरी करतो. मला मात्र दोघांनी सांगितलं, काढा आहे, जेवणाआधी दोन चमचे. मी जन्मभर शाळेत पोरांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेतलेला मास्तर! मला खरं सांगायची कोणाची छाती?

मीच पाजायचो. चमचा धरून. तिसऱ्या दिवशी हिने वरणात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. गालांवर थोडा रंग आला. खिडकी उघडायला लावली. म्हणाली, "आज हे अंग माझं वाटतंय हो." दुपारी गाढ झोपली — किती दिवसांनी! मी गल्लीभर काढ्याचं कौतुक करत सुटलो.

अकरा दिवस.

१८ एप्रिल

बाराव्या दिवशी मोतीलाल आला. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. बरोबर आमच्या शाळेतले दोघे. हिला बघायला. बाटली हुंगली आणि खो-खो हसला. "गुरुजी, असा काढा आम्हालापण चालू करा! शपथ नंतर घेऊ." तिघेही हसले. मीही हसल्यासारखं केलं.

ते गेल्यावर सगळी बाटली मोरीत ओतली. हिच्यासमोर. म्हणालो, "भावाबहिणीने मिळून मला फसवलं." ही एवढंच म्हणाली, "वरून पाणी टाका. फरशीला डाग पडेल."

पुन्हा मागितली नाही. भाकरीही मागितली नाही. २ फेब्रुवारीला गेली.

नातेवाइकांत मीच सांगितलं — पितांबरने बहिणीला दारू पाजली, तीही मला फसवून.

२३ एप्रिल

हिची फाइल घ्यायला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना त्या वाईनचं विचारून टाकलं. "जेवत होत्या ना त्या? मग घेऊ द्यायचं होतं, गुरुजी. दोन चमचे तर!"



२६ एप्रिल

पितांबरला फोन केला. आखाजीला ये म्हटलं.  तो म्हणाला, "मनी चूक व्हयनी दाजी. अक्काले मीच सांगेल व्हतं, काढा शे म्हनी सांग. तुमले फसाडं मी."

मी म्हणालो, "जाऊ दे."

जाऊ दे! जसं काही मी माफ करणारा.

३० एप्रिल, आखाजी

घागर भरली. सांजोऱ्या, आंबा, सगळं ठेवलं. सारिकाने नीट केलं.

पितांबर आला. वाळला आहे. दाराजवळच बसला. भावकीतले चिंधाआबा सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे पितांबर, पिशवीमा काय लयना? काढा?" लोक हसले. पितांबरने पिशवी उलटी केली. दोन डांगरं बाहेर आली, हिला आवडायची तीच गोड खरबुजं. एक घरंगळत माझ्या पायाशी.

मी उचललं. घागरीजवळ नेऊन ठेवलं.

जाताना हळूच म्हणाला, "येलनं पानी तोडी टाकं दाजी. जयी जाऊ दे." पाणी तोडलं तर या उन्हात तो वेल आठ दिवस टिकणार नाही.

१ मे

इथेसुद्धा खोटं लिहिलं.

मला वास पहिल्याच चमच्याला आला होता. माझ्या बापाने आमचं घर प्यायलं, मला तो वास कळणार नाही? कळला. ही दोन घास खाते म्हणून गप्प बसलो. मोतीलाल हसला नसता तर आणखी पाजली असती.

मला कोणी फसवलं नव्हतं. आठच्या साक्रीच्या गाडीने जातो. आधी पितांबरला सांगतो, मग चिंधाआबांना.