वरची हातभर काळी माती

मी, बाबाराव सोनुजी खोब्रागडे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळदरा, तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र माझ्या अक्कलहुशारीने, कुणी हात न धरता लिहीत आहे. कानांनी कमी ऐकू येतं, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर, बैलजोडी आणि बंडी मुलगा इंद्रजित याला. बैल थकले तरी विकू नयेत.

२. सव्वापाच एकर काळी जमीन माझी स्वकष्टार्जित आहे. ती संपूर्ण सून सत्यशीला हिला. इंद्रजित रागावेल, म्हणून कारण लिहून ठेवतो.

चार वर्षांपूर्वी वायू शोधणाऱ्या कंपनीचं यंत्र शेतात आलं. मला वाटलं, सरकारी योजनेतली पाण्याची बोअर. मी सगळ्यांना चहा पाजला, गावात पेढे वाटले आणि पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही ठोकली. दुसऱ्या दिवशी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतून रस्ता पडला. मी लाजेनं घरात बसून राहिलो.

सत्यशीला मात्र यंत्रापुढे जाऊन बसली. कंपनीचे साहेब म्हणाले, "बाई, जमिनीखालचा वायू सरकारचा आहे."

"खालचं सरकारचं असन, साहेब. मी कुठं नाही म्हणून राह्यली? पण खाली जायची वाट आमच्या पऱ्हाटीतून जाते. पहिले लिहून द्या."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी पिकाची भरपाई आणि विहिरीच्या पाण्याची तपासणी लिहून दिली. एक कलम तिनं स्वतः घालायला लावलं: वरची हातभर काळी माती वेगळी रचायची आणि काम आटोपलं की पुन्हा वरच पसरायची. चाळीस वर्षं शेती करून मला हे सुचलं नसतं. आज त्या तुकड्यात तूर डोक्याएवढी आहे. माझ्या सहीबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. "मामाजी, जेवून घ्या," एवढंच म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटतो.

आता कंपनी आणखी दोन जागा मागते आहे. कापूस परवडत नाही म्हणून इंद्रजितला सगळं शेत कंपनीला देऊन मोकळं व्हायचं आहे. माझ्यामागे सही सत्यशीलेची लागेल. जमीन द्यायची की नाही, दिली तर कशी, हे तिनंच ठरवावं.

३. पेढे खाऊनही "बाबाराव, पाणी लागलं का?" असं चार वर्षं विचारणाऱ्या शेजारी उत्तमसिंगला काहीही नाही.

साक्षीदार देवसिंग घाई करतो आहे, "करा ना सही, किती वाचून राह्यले?" तिसऱ्यांदा वाचून झालं. आता सही करतो.

बाबाराव सोनुजी खोब्रागडे

साक्षीदार :
देवसिंग चव्हाण (सही)
विमलताई मेश्राम (सही)

ठिकाण : पांढरकवडा
दिनांक : १९ डिसेंबर २००९