घड्याळवालीचं डोकं ठिकाणावर

३ मार्च
गेले दुकानात! नऊ महिन्यांनी! शटर वर गेल्याचा खडखडाट ऐकला आणि अंगात वारंच भरलं. दादा म्हणाला, "ये बाई, तुझी खुर्ची कुणाला दिली नाही." बाबांच्या मागे तीस वर्षं आम्ही भावंडं शेजारी बसून घड्याळं दुरुस्त करतोय. आणि आज मी त्याला काय म्हणावं? "दादा, तो दे ना... तो बारीक... टोच्या!" चिमटा. चिमटा हा शब्दच पसार!

केस बोटभर आलेत. एक गिऱ्हाईक म्हणालं, "नवी फॅशन वाटतं?" म्हटलं, "हो, फार महागात पडली!"

४ मार्च
भिंतीवरचं मोठं घड्याळ न्यायला माणूस कधी येणार, असं दादाला तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्याने पाटीवर लिहून ती माझ्यासमोरच टांगली. "शुक्रवारी. शुक्रवारी. शुक्रवारी."

७ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केमोनंतर काहींचं होतं असं. वेड लागलेलं नाही, आळसही नाही. लिहून ठेवा. एका वेळी एकच काम." एकच! आजवर हातात घड्याळ, कानात कुकरच्या शिट्ट्या आणि तोंडात लेकीचे पाढे — सगळं एकदम चालायचं माझं!

बाहेर पडले, छत्री राहिली. परत गेले. छत्री घेतली, फाईल राहिली! काउंटरवरची मुलगी आधी बिचारी तोंड दाबून बसली होती. मीच फिस्सकन हसले, मग तीही सुटली.

१२ मार्च
आज हसू नाही. एका आजींचं मनगटी घड्याळ उघडलं. मध्येच फोन वाजला. ठेवला, आणि आधी कुठलं चाक, नंतर कुठलं — काही म्हणता काही आठवेना. डोळे मिटून करायचे मी हे! पाऊण तास नुसती बघत बसले. घरी नवरा म्हणाला, "पुरे ना आता. कशाला जिवाला त्रास?" प्रेमानेच म्हणाला. तरी खेकसले.

१३ मार्च
लेक माझी गुणाची! "आई, उघडताना दर पायरीला फोटो काढ. जोडताना उलटे बघत जा." आणि अंड्यांचा ट्रे आणून खळग्यांवर आकडे घातले — एका खळग्यात एकच भाग. दादाने पाहिलं. "काय गं, घड्याळं उबवणार आहेस?"

१६ मार्च
चाललं!! आजींचं घड्याळ चाललं! टिक टिक टिक! फोनची रिंग बंद ठेवली होती. दोन तास लागले, पूर्वी वीस मिनिटं लागायची — लागू देत! दुकानातच गिरकी घेतली. मग बघते तर टेबलावर एक स्क्रू उरलेला. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुझ्या डोक्यातला असेल." फोटो तपासले. आमचा नव्हताच तो. कुठल्या तरी जुन्या गजराच्या घड्याळाचा!

आजी कानाला लावून ऐकत उभ्या राहिल्या. बराच वेळ.

१९ मार्च
नवऱ्याला "अहो, ते हे" म्हणून हाक मारली. त्याने ओ दिली!

२१ मार्च
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दादाने पुढ्यातलं उघडं घड्याळ माझ्याकडे सरकवलं. "एवढं चाक बसवून दे." का रे? त्याने हात पुढे केला. थरथरत होता. वर्ष झालं म्हणे. "तुझं एवढं चाललेलं, तुला काय सांगायचं?" या हातांनी त्याने एकट्याने दुकान ओढलं! "वहिनीला बोलू नकोस." म्हटलं, "छे, उद्यापर्यंत विसरेनच!" इतके हसलो की दोघांच्या डोळ्यांत पाणी.

चाक मी बसवलं. सोमवारी त्याला डॉक्टरकडे न्यायचं. मी न्यायचं.