भावजींनी वाचू नये असं पत्र

प्रिय ताईस,

तुझ्या शेंडेफळाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचं पित्त आणि दारातलं लिंबाचं झाड, तिघंही ठीक असतील असं धरून चालते. भावजींच्या घोरण्याचं काय झालं? नाकाला लावायच्या त्या पट्ट्यांनी गुण आला, की तू अजून शिवणाच्या खोलीतच झोपतेस?

आता एक सूचना. तुमच्याकडे आलेलं पत्र भावजी मोठ्याने वाचतात आणि तू शेंगा सोलत ऐकतेस, हे मला माहीत आहे. जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केलेला माणूस, त्यांना हळू वाचता येत नाही. पण हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. तेव्हा भावजी, इथेच थांबा, कागद ताईच्या हातात द्या आणि शेंगा तुम्ही घ्या.

तर ताई, मागे फोनवर मी तुला ‘खाली आग होते गं’ म्हटलं, तेव्हा तू ‘वय झालं आता, गप्प बस’ म्हणून फोन ठेवून दिलास. गप्प राहायची माझी तयारी होती, पण बसायचीच पंचाईत होती! ड्रायव्हिंग शिकवायचं म्हणजे दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, एक पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर. त्यात मी सतत चुळबुळ करणार. समोरच्याला वाटायचं, बाई आपल्या गाडी चालवण्याला घाबरल्या. (घाबरतच होते, पण ते वेगळं.) एका तरुणाने तर ‘मॅडम, मला जमणारच नाही का?’ म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? मला वाटलं, अस्वच्छता असणार. म्हणून जंतुनाशक साबण आणला. त्याने जास्तच भडकलं, तेव्हा गुलाबाच्या वासाचं महागडं द्रावण आणलं. मग काय विचारतेस, आग तशीच, वर गुलाबाचा घमघमाट.

घरी यांना मी पाठ दुखते असं सांगून ठेवलं होतं. (जवळ आले की दुखायचं, आणि ते पाठीत नव्हे, हे कसं सांगणार?) यांनी आधी गादी बदलली, मग गादीच काढून टाकली आणि माझ्या पाठीसाठी आम्ही दोघं फळीवर झोपू लागलो. तरी मी भिंतीकडे तोंड करूनच. मग त्यांना वाटलं, मी रागावले आहे. रोज एक गुन्हा कबूल करायला लागले. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी लाल छत्री चोरीला गेली नव्हती, ती हेच बसमध्ये विसरले होते, इथपर्यंत मजल गेली. त्या दिवशी मला रडू आलं, ताई. छत्रीसाठी नव्हे. एवढा भला माणूस फळीवर झोपून जुन्यापुराण्या पापांचा हिशेब देतोय आणि मी वयाच्या नावाने गप्प!

(भावजी, वाचताय अजून? निदान खिडक्या तरी लावून घ्या.)

शेवटी दवाखाना गाठला. दार उघडलं तर डॉक्टरांच्या खुर्चीत माझीच जुनी विद्यार्थिनी! तीच, जिने पहिल्याच आठवड्यात कचराकुंडी आडवी केली होती आणि जिला मी भर चौकात ‘आरसा शोभेला लावलाय का?’ म्हणून ओरडले होते. पळून जाणार होते, पण तिने ओळखलं. तपासायच्या टेबलावर पाय वर करून झोपवलं, दिव्याचा झोत टाकला, आणि सवय ती सवय गं, तिचा हात पुढे येताच माझ्या पायाने आपोआप ब्रेक दाबला. ब्रेकच्या जागी तिचा ट्रे होता. सगळी अवजारं जमिनीवर. ती शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, आज गाडी मी चालवतेय. तुम्ही फक्त श्वास सोडा.’

आणि मग तिने जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपली आई त्या अवयवाचं नाव न घेताच गेली. नाव आहे, योनी. मी आता घेते, मोठ्याने घेते. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन उतरतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, म्हणून जळजळ, लघवीला आग, संबंधाच्या वेळी दुखणं. कितीतरी जणींना होतं, बाळाला पाजणाऱ्या पोरींनाही होतं. साबण आणि गुलाब बंद, बाहेरून नुसतं पाणी. ओलावा टिकवणारं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, ऐन वेळी वेगळं जेल, आणि माझी सगळी माहिती विचारून तिने हार्मोनचं थोड्या ताकदीचं क्रीमही दिलं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर मात्र लगेच यायचं म्हणाली. मी विचारलं, ‘वय झालं म्हणून सोडून द्यायचं नसतं ना?’ तर म्हणते, ‘वय झालं म्हणून तुम्ही चष्मा सोडून दिलात का?’ कचराकुंडीवाली मला शिकवते! पण पटलं.

यांना गाडीतच सांगितलं, रस्त्याच्या कडेला उभी करून. हे पट्टा सोडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘म्हणजे तुला माझा कंटाळा आलेला नाही?’ आणि थोड्या वेळाने, ‘मग ती फळी काढू का?’

काही आठवडे गेले. मी नीट बसते आणि गादीवर झोपते. आणि यापुढे गप्प बसणार नाही, कुणी कितीही फोन ठेवला तरी.

तुझीच,
शेंडेफळ

ता.क. तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हा तुझं बसणं पाहिलं. खुर्चीच्या कडेला, एका अंगावर कलून. ते बसणं मी ओळखते, ताई. गुरुवारची वेळ घेतली आहे. गाडी घेऊन येते, नाही म्हणायचं नाही.

ता.क. २. भावजी, तुम्ही शेवटपर्यंत वाचणार हे ठाऊक होतं, म्हणून तर ‘वाचू नका’ लिहिलं. ताई तुम्हाला जन्मात सांगणार नाही. गुरुवारी तुम्हीही गाडीत बसा. आणि नाकाच्या त्या पट्ट्या फेकून द्या. मी तुमच्या शेजारच्याच खोलीत झोपले होते. तुम्ही घोरत नाही.